बचतपेटीतले कप्तान

नऊशे युरो ही काही फार मोठी रक्कम नाही. मी ज्या प्रयोगशाळेत काम करतो तिथे गोठवलेल्या माशात पाणी किती आणि मासा किती हे सांगणारं एक यंत्र आहे. त्याचं नुसतं झाकण याहून महाग आहे. पण नऊशे युरो पंधरा डिसेंबरच्या आत भरायचे आहेत आणि ते आपल्याकडे नाहीत, असं म्हटलं की तीच रक्कम बदलते. आकडा तोच राहतो आणि वजन वाढत जातं. पदार्थविज्ञानात मला हा प्रकार कुठे भेटला नव्हता.

कर्ज स्वयंपाकघराचं होतं. आमच्या ब्रेमरहाफनमध्ये भाडेकरू घर सोडताना ओटा, बेसिन, शेगडी, कपाटं सगळं बरोबर घेऊन जातो. रीतच आहे ती, त्यामुळे नव्या घरात भिंतीतून डोकावणाऱ्या तीन नळ्या पाहून आम्हाला धक्का वगैरे बसला नाही. धक्का दुकानात बसला. विब्केला, म्हणजे माझ्या बायकोला, गडद हिरवी कपाटं आवडली. मला खण आवडले. कितीही जोरात ढकला, शेवटच्या दोन बोटांवर आला की खण स्वतःच दम खातो आणि अलगद मिटतो. हे नेमकं कसं होतं ते कळेपर्यंत मी तो उघडमीट करत राहिलो. कळलं, तोवर विक्रेत्यानं कागद पुढे केले होते आणि विब्केनं सही केली होती.

हप्ते कसेबसे भरत आणले. शेवटचा, नऊशेचा, तेवढा राहिला. तो वेळेवर भरला तर व्याज नाही. एक दिवस जरी चुकला तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज अंगावर.

"भरतो की मी, जावईबापू," सासरे म्हणाले. सासरे हार्म, कस्टममधून निवृत्त झालेले. "सवडीनं परत करा. नाही केलेत तरी चालेल. मी काही बोलणार नाही."

सासऱ्यांचं हे काही न बोलणं मी ओळखून आहे. लग्नात माझ्या टायची गाठ सुटली होती. त्याबद्दलही ते आजवर काही बोललेले नाहीत. फक्त दर नाताळात, सगळे जेवायला बसले की, माझ्या गळ्याकडे बघतात. नऊशे युरो घेतले असते तर ते माझ्याकडे कुठे कुठे बघत बसले असते, या विचारानंच मी नको म्हणालो आणि जानेवारीपासून काटकसर सुरू केली.

काटकसर शास्त्रशुद्ध होती. हीटर सोळा अंशांवर आणला. चहाला लागतं तेवढंच पाणी मापानं ओतायचं. आंघोळीच्या वेळी दाराबाहेर घड्याळ लावून मी उभा. विब्के घरात लोकरीची टोपी घालून हिंडू लागली आणि माझ्याशी टोपीतूनच बोलू लागली. दोन आठवड्यांनी हिशेब केला तर अकरा युरो वाचले होते. त्यातले नऊ घरातलं तापमान मोजायच्या थर्मामीटरला गेले होते.

"शास्त्रज्ञ ना तुम्ही?" विब्के म्हणाली. एरवी ती मला 'तू' म्हणते. 'तुम्ही' आलं की विषय वाढवायचा नसतो.

आमच्या खालच्या मजल्यावर ओस्टरलोबाई राहतात. एकट्याच असतात. पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या, त्यामुळे दुसऱ्याच्या घरातलं ऐकू येणं हा त्यांना अजून कामाचाच भाग वाटतो. जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"अहो एनो, अंघोळीला वेळ लावून देता म्हणे बायकोला?"

"पाणी वाचवतोय, बाई."

"पैसे असे वाचत नसतात हो. घरात ठेवलेला पैसा घरातच विरघळतो. तो बाहेर ठेवायचा. हात पोचणार नाही तिथे. 'लाल बोया'त बचतपेटी आहे आमची, तिथे या शुक्रवारी. दर आठवड्याला आपल्या खाचेत टाकायचे, नोव्हेंबरअखेर घ्यायचे. मधे मागितले तर देव आला तरी मिळत नाहीत."

हे मला पटलं. आठवड्याला वीस युरो टाकले तर नोव्हेंबरअखेर बरोबर नऊशे होत होते. इतकं नेमकं गणित जमलं की त्यात काही चूक असेल असं माणसाला वाटतच नाही.

'लाल बोया' हा आमच्या कोपऱ्यावरचा बिअरचा अड्डा. गेशेबाई तो चालवतात. भिंतीवर पत्र्याची करडी पेटी, तिला नाणी-नोटा टाकायच्या उभ्या रांगांमधल्या खाचा, प्रत्येकीला क्रमांक. पेटीशेजारी खुंटीला एक जुनी निळी खलाशी टोपी टांगलेली. खजिनदार ब्रूनिंग, पूर्वी बंदरात क्रेन चालवायचे. मंडळाची नियमावली ते कोटाच्या आतल्या खिशात, हृदयाच्या बाजूला ठेवतात. मला क्रमांक चोवीस मिळाला. आठवडा चुकला की एक युरो दंड. दंडाच्या पैशातून वर्षाच्या शेवटी सगळ्यांना जेवण.

पहिल्या शुक्रवारी मी गेलो, वीसची नोट खाचेत सरकवली, "नमस्कार, येतो" म्हणालो आणि वळलो. बोलणी थांबली. एका टेबलावरचे पत्तेसुद्धा हवेतच राहिले.

"बाहेर आग लागलीय का?" गेशेबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग आमच्याकडे साथ आहे कसली?"

मी बसलो. एक बिअर घेतली. ती संपायच्या आत शेजारच्यानं दुसरी पाजली, मग ती फेडणं आलं. तिसऱ्या शुक्रवारी एका गृहस्थांनी मला 'अहो' म्हणणं सोडून 'अरे' म्हणायचं ठरवलं. आमच्याकडे हे असं मनात आलं म्हणून होत नाही. कोर्नचा, म्हणजे धान्याच्या कडक दारूचा, छोटा पेला दोघांनी उभ्यानं प्यावा लागतो, हात मिळवावा लागतो. मंडळात बत्तीस सदस्य. इस्टरपर्यंत जवळजवळ सगळे मला 'अरे एनो' म्हणू लागले आणि प्रत्येक 'अरे'ची किंमत पाच युरो चाळीस सेंट होती. खालच्या मजल्यावरच्या ओस्टरलोबाई सोडल्या तर फक्त ब्रूनिंग 'अहो'वर राहिले. खजिनदारानं कुणाशी सलगी करायची नसते, असं ते म्हणाले. मंडळात पैशाची कदर असलेला एवढा एकच माणूस होता.

मार्चमध्ये मी हिशेब केला. वीस युरो वाचवायला मला एकतीस युरो खर्च येत होता. हे आकडे पाहून मला वाईट वाटायला हवं होतं; पण खरं सांगायचं तर कुतूहलच जास्त वाटलं. इतकी माणसं इतकी वर्षं हे करतात, तर माझ्या मांडणीत काहीतरी निसटत असणार. म्हणून एका शुक्रवारी मी घरी राहून पाहिलं. वीसची नोट ओस्टरलोबाईंच्या हाती पाठवली. कुठल्या खाचेत टाकायची ते नीट समजावून सांगितलं, चित्र काढून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गेशेबाईंनी पाठवलेलं सूप आलं. दुपारी दोघंजण मला बघायला आले, संत्री घेऊन. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पाहुणचारात एकतीसाच्या वर गेले. जाणं स्वस्त पडत होतं.

इस्टरच्या सभेत ब्रूनिंगनी पहिल्या तिमाहीचे आकडे वाचले.

"बावीस, ओस्टरलो. एकशे वीस. तेवीस, फोके." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दोनशे चाळीस."

गेशेबाईंच्या हातून पेला निसटून बेसिनमध्ये पडला.

"कप्तान?"

"कप्तानांनी बचत सुरू केली?" मागून कुणीतरी म्हणालं. "आपणच चार वर्षांपूर्वी त्यांची राख समुद्रात सोडून आलो ना?"

"चोवीस, एनो," ब्रूनिंग पुढे वाचत होते. "शून्य. दंड बारा युरो."

मी उठून पेटीपाशी गेलो. क्रमांकाच्या पट्ट्या आणि खाचा एकाआड एक. मी 'चोवीस' या पट्टीच्या वरच्या खाचेत पैसे टाकत होतो. बाकी सगळं ब्रेमरहाफन पट्टीच्या खालच्या खाचेत टाकत होतं. मोजपात्रावर माप वाचताना डोळा कुठल्या रेषेशी ठेवायचा हे मी नव्या मुलांना शिकवतो. ते मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दामच कप्तानांसाठी टाकताय," ओस्टरलोबाई म्हणाल्या. "चित्रसुद्धा काढून दिलंत. मी मनात म्हटलं, किती मोठं मन आहे मुलाचं."

"ब्रूनिंगसाहेब, तुम्ही दर सोमवारी पेटी उघडता. मग बोलला का नाहीत?"

"सदस्याच्या खात्याबद्दल तिसऱ्या माणसाशी बोलणं नियमात बसत नाही."

"पण सदस्य वारलेत!"

"म्हणून तर जास्त जपायला हवं. ते स्वतः तक्रार करू शकत नाहीत."

माझे दोनशे चाळीस माझ्या खाचेत वळवा, एवढीच माझी मागणी होती. ब्रूनिंगनी नियमावली काढली. खात्यातून पैसे काढायला खातेदाराची संमती हवी. खातेदार नसेल तर? सदस्यत्व संपायला लेखी राजीनामा लागतो. कप्तान फोके यांनी तो दिलेला नव्हता. त्यामुळे चार वर्षं ते सदस्यच होते, आणि दर शुक्रवारी गैरहजर राहून दर शुक्रवारी त्यांना एक युरो दंड होत होता. आधीची शिल्लक दंडातच जाऊन नेमकी नव्या वर्षाला संपली होती, तेवढ्यात माझे वीस-वीस युरो आले.

"सरळ लिहा ना की ते वारलेत," मी म्हणालो.

ब्रूनिंगनी मला बाजूला घेतलं.

"ते वारले असं आपण लिहिलं," ते हळू आवाजात म्हणाले, "तर चार वर्षांचा दंड बेकायदा ठरतो. तो परत करावा लागेल."

"मग करा."

"कशातून? दंडाचं दरवर्षी जेवण होतं. तो आपण खाल्लाय."

म्हणजे कप्तान जिवंत असण्यावर बत्तीस माणसांची अब्रू टांगलेली होती. आणि यापुढे दर आठवड्याला कप्तानांच्या गैरहजेरीचा एक युरो माझ्याच पैशातून जाणार होता. मी मेलेल्या माणसाचा दंड भरत होतो आणि माझं स्वयंपाकघर तसंच उधारीवर उभं होतं.

घरी विब्केला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. हिरव्या कपाटावर बोटानं रेघा ओढत बसली.

"बाबांकडे मागू या का?" ती म्हणाली. "बघतील तर बघू देत. मला सवय आहे. तुला मात्र ते खाईल आतून."

मी नाही म्हणालो. मात्र नोव्हेंबरच्या सभेला ती बरोबर आली. पाहुण्यांना परवानगी असते. पाहुण्यांनी खाल्लेल्या जेवणाचे वेगळे पैसे असतात.

त्या शुक्रवारी टेबलं जोडून मांडलेली, मधे काळपट हिरव्या कोबीची भाजी, सॉसेज, बटाटे. ब्रूनिंग क्रमांक पुकारत होते, माणसं पुढे जाऊन सही करून पाकीट घेत होती. ओस्टरलोबाईंनी पाकीट उघडूनसुद्धा पाहिलं नाही, पर्समध्ये टाकलं आणि परत भाजी वाढून घेतली.

"तेवीस, फोके."

दरवर्षी इथे सगळे खाली बघतात म्हणे. ब्रूनिंग थोडं थांबतात, पाकीट बाजूला ठेवतात, पैसे पुढल्या वर्षात जातात. त्यांनी पाकीट उचललंच होतं.

"हजर," विब्के म्हणाली.

मी वळून पाहिलं. खुंटीवरची निळी टोपी तिच्या डोक्यावर होती. कपाळावरून खाली नाकापर्यंत आली होती.

कुणी हसलं नाही. सगळे ब्रूनिंगकडे बघू लागले. ब्रूनिंगनी नियमावली काढली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. सदस्यानं आपण आपणच आहोत हे कसं सिद्ध करायचं, याबद्दल तिच्यात एक अक्षर नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं, सुटका झाली त्यांची.

"कप्तान," ते उठून उभे राहत म्हणाले, "इथे सही करा."

विब्केनं सही केली. पाकिटात दोनशे सात युरो होते. टेबलं बडवली गेली. ती माझ्याकडे बघून टोपीखालून डोळा मारत होती, आणि मी मनातल्या मनात बेरीज करत होतो: माझ्या पाकिटातले सहाशे अट्ठेचाळीस आणि हे. पंचेचाळीस कमी. पंचेचाळीस सहज जमतील.

"थांबा," गेशेबाई म्हणाल्या. त्या गल्ल्यामागून बाहेर आल्या होत्या, पदरानं डोळे टिपावेत तसा अंगावरच्या एप्रनचा कोपरा डोळ्यांना लावत. "चार वर्षांनी समुद्रावरून परत आलेला माणूस असा पाकीट खिशात घालून बसत नाही या घरात. कप्तान, पहिली फेरी तुमची."

मी विब्केला मान हलवून 'नाही, नाही' म्हणत होतो. तिला टोपीमुळे दिसलं नसावं. किंवा दिसलंही असेल. सगळे उभे राहिले होते. बत्तीस बिअर, बत्तीस कोर्न. गेशेबाईंनी मांडून बिल आणलं: दोनशे सात युरो. मला शंका आहे की त्यांनी ते उत्तराकडून उलटं मांडलं होतं.

"त्या सगळ्यांचे चेहरे बघ ना," विब्के माझ्या कानात म्हणाली.

मी बघितले. ब्रूनिंगनी पेला वर धरला होता आणि ते खुंटीकडे बघत होते, जिथे टोपी नव्हती.

तर अडीचशे कमी पडत होते आणि पंधरा डिसेंबर दोन आठवड्यांवर आला होता. गेशेबाईंनी नंतर मला बाजूला बोलावून उसने देऊ केले. मी नको म्हणालो. सासऱ्यांचे चालत नाहीत आणि गेशेबाईंचे चालतात, हे कुठल्या तोंडानं सांगणार? शिवाय दुसऱ्याच दिवशी त्यांनी बिअरच्या नळ्या बदलायला अड्डा दोन आठवडे बंद केला. तेवढाच माझा आठवड्याचा खर्च वाचेल, म्हणून मी एक क्रेट बिअर दुकानातून आणून ठेवली आणि घरात बसायचं ठरवलं.

शुक्रवारी सातला घंटी वाजली. दारात ओस्टरलोबाई, बाहेर जायचा कोट घालून.

"पेटी बंद, गेशे बंद," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी सातला मी बसायचं कुठे?"

आम्ही त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. त्यांनी एक खण ओढला, ढकलला, त्याचं दम खाणं पाहिलं, मग दुसरा ओढला. मी बिअर दिली. ती संपल्यावर त्यांनी पर्स उघडून तीन युरो ओट्यावर ठेवले.

"अहो बाई, हे काय? घर आहे हे."

"गेशेकडे तीन पडतात. तुमच्याकडे फुकट प्यायला मी काय भिकारी आहे? आणखी एक द्या."

साडेसातला ब्रूनिंग आले. जिन्यात आवाज ऐकू आला म्हणे. मग ते दोघं संत्रीवाले. मग त्यांनी कळवलेले आणखी चौघं. बसायला खुर्च्या नव्हत्या, लोक कपाटांना टेकून उभे राहिले. आधी पातेल्यात, पातेलं सूपला लागलं तेव्हा भांडी वाळत घालायच्या जाळीत, प्रत्येकजण तीन-तीन युरो टाकत होता. विब्केनं हीटर बावीसवर नेला आणि वाटाण्याचं सूप शिजवलं. त्या शेगडीवर एवढं मोठं पातेलं पहिल्यांदाच चढलं. वर्षभर माझी शुक्रवारची जेवणं गेशेबाईंकडेच झाली होती. सूपचेही दर ब्रूनिंगनी ठरवून दिले.

"परवान्याशिवाय हे चालतं का?" मी विचारलं. मला खरोखर काळजी वाटत होती.

"ही विक्री नाही," ब्रूनिंग म्हणाले. "ही वर्गणी आहे. नियमात बसते."

"कुठल्या नियमात?"

ब्रूनिंगनी छातीवर हात ठेवला, खिशावरून, पण नियमावली बाहेर काढली नाही.

रविवारी सकाळी माणसं परत आली. पुढच्या शुक्रवारी गेशेबाई स्वतः आल्या, माझी बिअर चाखून नाक मुरडलं आणि तीन युरो मोजून टाकले. दुकानातून आणलेली बिअर मला बाटलीमागे एक युरोला पडत होती. मी याआधी असा एकही प्रयोग केला नव्हता ज्यात निष्कर्ष आधी आला आणि पद्धत मागून.

चौदा डिसेंबरला मी नऊशे युरो भरले. बँकेतून परत आलो तेव्हा विब्के सासऱ्यांशी फोनवर बोलत होती आणि मला ऐकू यावं म्हणून तिनं फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला.

"भरले?" सासरे विचारत होते. आवाजात किंचित निराशा होती. "सगळे? कुणाकडून उसने नाहीत ना घेतले?"

"नाही, बाबा."

"मग जमवलं कसं त्यानं?"

विब्केनं माझ्याकडे पाहिलं. ओट्याखाली तीन क्रेट रिकाम्या बाटल्या होत्या, आणि जिन्यात ओस्टरलोबाईंचे पाय वाजत होते.

"काही विशेष नाही, बाबा," ती म्हणाली. "आम्ही बाहेर जाणं बंद केलं."